कॉलेजच्या रंगमंचाचे शहर : छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थी रंगभूमीचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पर्यंतचे औरंगाबाद, या शहराची मराठी रंगभूमी नाटक कंपन्यांनी नव्हे तर शाळा-कॉलेजांनी उभी केली. पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर या शहरांचा नाट्येतिहास सांगताना आधी कंपन्यांची नावे येतात: किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श. संभाजीनगरचा इतिहास सांगायचा तर सुरुवात वसतिगृहापासून, स्नेहसंमेलनापासून आणि बाके बाजूला सारून रिकाम्या केलेल्या वर्गापासून करावी लागते. इथे नाटक करणारा माणूस बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचा होता, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तो शहर सोडून गेलेला असे. या दोन गोष्टींनी इथल्या रंगभूमीला वळण दिले.

कंपन्या इथे का रुजल्या नाहीत, याची कारणे भूगोलात आणि राज्यकारभारात आहेत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे नाणे वेगळे, हाली शिक्क्याचे. हद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीच्या चौक्या. पडदे, पेट्या, दागिने आणि पंचवीस-तीस माणसांचा संसार घेऊन फिरणाऱ्या कंपनीला हा प्रवास सोयीचा नव्हता. मनमाडहून औरंगाबादकडे येणारी रेल्वे मीटरगेज होती आणि ती नव्वदच्या दशकापर्यंत तशीच राहिली. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्याला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. शिवाय 1929 च्या गश्ती निशाण 53 नंतर जाहीर सभा भरवायची तर आधी परवानगी घ्यावी लागे. माणसे जमवणे हीच जिथे संशयाची बाब होती, तिथे तिकीट लावून मराठी नाटक करण्याचा धंदा फोफावणे अवघडच होते.

नाट्याची भूक मात्र या प्रदेशात जुनी आहे. शहरापासून पन्नास किलोमीटरवरच्या पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. भारुडात एकटा माणूस वेष पालटून जोशी होतो, वेडा होतो, महारीण होतो, सून होतो आणि प्रेक्षकांशी थेट बोलतो. गावच्या जत्रेतला तमाशा, गणेशोत्सवातला मेळा, कीर्तन आणि पुढे आंबेडकरी जलसा हे सारे मराठवाड्यातल्या मुलाने लहानपणी पाहिलेले असे. त्याने पडद्याचे नाटक पाहिलेले नसले, तरी एका माणसाला दुसरा माणूस होताना त्याने अंगणात पाहिले होते.

शिक्षणाची भाषा हा दुसरा पेच होता. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज त्याच व्यवस्थेतले. उर्दूचे थोर कोशकार मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते आणि त्यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था बरीच वर्षे याच शहरातून चालली. म्हणजे शहराच्या कॉलेजात जे वैभव होते ते उर्दूचे. मराठी मुलाला मराठीत बोलायला, गायला, भाषण करायला जागा मिळे ती खासगी शाळांत. 1915 मध्ये सुरू झालेली सरस्वती भुवन ही त्यांतली प्रमुख. संस्थानी काळात अशा शाळेचे संमेलन हा केवळ करमणुकीचा कार्यक्रम नव्हता. मातृभाषेत चारचौघांपुढे उभे राहण्याची ती थोड्या संधींपैकी एक होती. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या नेत्याने या संस्थेची धुरा वाहिली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

संस्थान गेले आणि दोनच वर्षांत, 1950 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने शहराबाहेरच्या माळावर कॉलेज काढले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे या कॉलेजला मिलिंद महाविद्यालय आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, प्रश्न विचारत राहतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो, अशी ती जुनी पाली कथा आहे. कॉलेजला देण्याजोगे याहून नाटकी नाव सापडणे कठीण: दोन पात्रे, एक वाद, आणि शेवटी हरणाऱ्याचाही विजय.

नागसेनवनातली मुले खेड्यांतून आली होती. बहुतेकांच्या घरात शिकलेले पहिले तेच. अनेकांनी जलसे ऐकले होते, काहींच्या घरात वाजवणारे-गाणारे होते. वसतिगृहात ती मुले रात्रंदिवस एकत्र राहत, आणि नाटकाच्या तालमीला याहून चांगली सोय नसते: घरी परत न्यायला कोणी येत नाही, शेवटची बस चुकायची धास्ती नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः लिहिते होते. बाबासाहेबांच्या प्रेरणेने त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या वाट्याला युगानुयुगे आलेले दुःख रामायणकाळापासून आधुनिक काळापर्यंत प्रसंगाप्रसंगाने मांडणारे हे नाटक 1955 मध्ये कॉलेजच्या संमेलनात बाबासाहेबांच्या उपस्थितीत विद्यार्थ्यांनी सादर केले. पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या निमित्ताने ते नागपुरातही झाले, आणि तिथे समोर लाखोंचा समुदाय होता.

या प्रयोगाचे महत्त्व दलित रंगभूमीच्या अभ्यासकांनी नोंदवले आहेच. अनेक जण आधुनिक दलित नाटकाचा आरंभ इथूनच धरतात. विद्यार्थी रंगभूमीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्या काळातल्या मराठी कॉलेजांत संमेलनाचे नाटक म्हणजे व्यावसायिक रंगमंचावर गाजलेल्या विनोदी नाटकाची हौशी आवृत्ती असा परिपाठ होता. मिलिंदने त्या वाटेने न जाता आपल्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या जगण्यावर, आपल्याच प्राचार्यांकडून नवे नाटक लिहवून घेतले. संहिता बाहेरून आणायची नाही, ती इथेच घडवायची, ही सवय शहराला तिथे लागली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' नियतकालिकही साठच्या दशकाच्या अखेरीस याच परिसरातून निघाले, आणि दलित साहित्याची चळवळ त्याच्या आधाराने वाढली. लिहिणारे आणि रंगमंचावर उभे राहणारे तेव्हा एकाच आवारात वावरत होते.

23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी दोन वर्षे मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता, आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. याचा नाटकावर झालेला परिणाम साधा पण मोठा होता. 1954 मध्ये सुरू झालेली राज्य नाट्य स्पर्धा मराठवाड्यातल्या हौशी संघांना खुली झाली. विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि युवक महोत्सव सुरू केले, आणि पाच जिल्ह्यांतल्या कॉलेजांना वर्षातून एकदा एकमेकांसमोर उभे राहण्याचे निमित्त मिळाले. 1960 मध्ये देवगिरी महाविद्यालय निघाले. सरस्वती भुवननेही पुढे कॉलेज काढले. या दोन्ही ठिकाणी कालांतराने नाट्यशास्त्र हा शिकण्याचा विषय झाला.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात विद्यापीठाने नाट्यशास्त्र विभाग सुरू केला. त्याची घडी बसवली कमलाकर सोनटक्के यांनी. ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली तयार झालेले दिग्दर्शक. अल्काझींची शिस्त प्रसिद्ध होती: वेळेवर येणे, रंगमंच स्वतः झाडणे, नेपथ्याचा आराखडा मोजमापासह काढणे, नाटक वाचण्याआधी त्या काळाचा इतिहास वाचणे. ही शिस्त औरंगाबादला आली तेव्हा तिची गाठ खेड्यांतून आलेल्या, उपजत नकला करणाऱ्या, भारूड-तमाशा अंगात भिनलेल्या मुलांशी पडली. हौशी रंगभूमीत तोवर 'अंगात असावे लागते' हा मंत्र चालत असे. आता आवाज, चाल, प्रकाश, रंगभूषा यांचे तास लागले आणि त्यांची परीक्षा होऊ लागली. एखाद्या बापाला मुलगा नाटकाच्या नादाला लागल्याचे दुःख असले, तरी तो नाद विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर येतो म्हटल्यावर घरातले भांडण जरा नरमाईने होई.

नव्या विभागाने फक्त दिल्लीची शिकवण गिरवली असती तर तो लवकर निर्जीव झाला असता. तसे झाले नाही, कारण तिथे लोककलेचा जिवंत झरा होता. रुस्तुम अचलखांब हे अभिनेते आणि लोकरंगभूमीचे अभ्यासक विभागात शिकवत. तमाशावर त्यांनी सखोल संशोधन केले, आणि तमाशा ही अभ्यासण्याची वस्तू असली तरी आधी करून पाहण्याची कला आहे, असा त्यांचा खाक्या होता. वर्गात ग्रीक शोकांतिका, आवारात ढोलकी, असे दुहेरी शिक्षण मिळालेली पिढी तिथून बाहेर पडली. बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे हे तिचे ठळक उदाहरण. खेड्यातून आलेल्या या तरुणाने औरंगाबादला नाट्यशास्त्राची पदविका घेतली, मग दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय गाठले. 1987 मध्ये उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरचे 'झुलवा' बसवून नाव मिळवले आणि 2013 मध्ये ते त्याच राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले.

याच विभागातल्या एका प्राध्यापकाने मात्र शहर न सोडता साऱ्या महाराष्ट्राला आपल्या बोलीकडे वळवले. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग सत्तरचे दशक संपता संपता रंगमंचावर आला. मराठवाड्यातल्या खेड्यातले एक कुटुंब मुलाच्या लग्नासाठी थेट लंडनला निघते. नवरी गोरी, विमान पहिले, आणि बरोबरचे गावकरी जसे एसटीत बसतात तसेच विमानात बसतात. देशपांडे एकटे बावन्न पात्रे उभी करत. वेषांतर जवळपास नाही. आवाज, मान, उपरण्याचा फेर आणि बोलण्याची ढब बदलली की माणूस बदले. एकनाथांच्या भारुडातली ही जुनीच युक्ती, पण तिच्यामागे आता नाट्यशास्त्राच्या वर्गातली कवायत होती. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने मराठवाडी बोली तोवर नाटकात नोकराच्या तोंडी ऐकली होती. इथे ती अडीच-तीन तास सलग, नायकाची, नायकाच्या आईची, गावाची भाषा म्हणून कानावर पडली. परदेशांतल्या मराठी मंडळींनीही देशपांडे यांना आपल्याकडे बोलावून घेतले. म्हणजे वऱ्हाड खरोखरच समुद्रापार गेले. 2009 मध्ये देशपांडे गेले. पुढे हा प्रयोग संदीप पाठक या बीड जिल्ह्यातल्याच नटाने हाती घेतला.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या विद्यार्थ्यांचे जगणे राजकारणापासून वेगळे काढता येत नाही. 1974 चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी पेटवले. मग आणीबाणी आली. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामांतर प्रत्यक्षात यायला 14 जानेवारी 1994 उजाडावी लागली. या सोळा वर्षांत एकाच वर्गातली, एकाच नाटकातली मुले नामांतराच्या दोन बाजूंना उभी राहिलेली होती. पथनाट्य, जलसा, एकांकिका यांतून हा संघर्ष रंगमंचावर येत राहिला. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक ऐंशीच्या दशकातले. दलित चळवळीतल्या तीन पिढ्यांच्या तीन भूमिका एका घरात आणून ते वाद घालते. नांदेडच्या मातीतले भगत पुढे औरंगाबादच्या नाट्यशास्त्र विभागातही शिकवत होते.

ऐंशीच्या दशकात या शहरातल्या कॉलेजांतून आलेल्या एका गटाने मराठी नाटकाचे मध्यमवर्गीय घर आतून हलवले. 'जिगीषा' ही ती संस्था. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शक, प्रशांत दळवी नाटककार, आणि प्रतीक्षा लोणकर यांच्यासह मित्रांचा मोठा ताफा. एकांकिका स्पर्धा जिंकत ही मुले मोठी झाली आणि मग एकेक करून नव्हे, जवळजवळ बिऱ्हाड हलवावे तशी, मुंबईला गेली. 1991 मध्ये त्यांचे 'चारचौघी' रंगमंचावर आले. लग्नाबाहेरच्या नात्यातून तीन मुली वाढवणारी आई आणि त्या मुलींचे निर्णय, हा विषय व्यावसायिक रंगभूमीला झेपेल का अशी शंका होती. नाटक तुफान चालले. 1994 मध्ये महेश एलकुंचवार यांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णी यांनी सलग सादर केली. प्रशांत दळवी यांचे बंधू अजित दळवी औरंगाबादला राज्यशास्त्राचे प्राध्यापक. 'गांधी विरुद्ध गांधी' हे त्यांचे नाटक नव्वदच्या दशकात मराठी रंगभूमीवर गाजले. 2022 मध्ये 'चारचौघी' नव्या संचात पुन्हा आले आणि तीस वर्षांनीही त्याला गर्दी झाली.

'जिगीषा'च्या स्थलांतराने शहराला अभिमान दिला आणि रितेपणही. मकरंद अनासपुरे हेही याच वाटेने मुंबईला जाऊन चित्रपटांत स्थिरावले. मुंबईला जाणे ही त्यानंतर यशाची खूण ठरली. जो राहिला तो अडकला, असे मुलेच बोलू लागली. हा न्याय बरोबर नाही. कॉलेजात नाटक करणाऱ्या मुलाला दिग्दर्शक म्हणून जो माणूस भेटतो तो मुंबईला न गेलेलाच असतो. शहरात नोकरी करून संध्याकाळी तालमी घेणारे बँक कर्मचारी, शिक्षक आणि प्राध्यापक यांच्यावर ही परंपरा टिकली, आणि त्यांची नावे फलकावर लहान अक्षरांत असतात.

नाटकवेड्या विद्यार्थ्याचे वर्ष साधारण पावसाळ्यात सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये संहिता शोधणे, म्हणजे सिनियरच्या खोलीत वाचन. मग निवड: कोण उभे राहणार आणि कोण बॅकस्टेज करणार. बॅकस्टेजला गेलेला मुलगा आठवडाभर रुसतो आणि नंतर प्रकाशयोजनेत असा रमतो की पुढच्या वर्षी भूमिका दिली तरी घेत नाही. युवक महोत्सवाच्या एकांकिकेला तीस मिनिटे आणि नऊ कलाकार, प्रहसनाला दहा मिनिटे, मूकाभिनयाला पाच, अशी आंतरविद्यापीठ महोत्सवांची चौकट असते. ती मोडली तर गुण जातात, म्हणून विंगेत घड्याळ घेऊन एक जण उभाच असतो. या महोत्सवात भारूड, पोवाडा, जलसा, लोकनाट्यही असते, आणि खेड्यातल्या कॉलेजांचे संघ तिथे शहरातल्यांना सहज मागे टाकतात. एकांकिकेत शहर पुढे, लोककलेत गाव पुढे, हे चित्र वर्षानुवर्षे फारसे बदललेले नाही. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले आणि औरंगाबाद विद्यापीठाकडे चारच जिल्हे उरले. चुरस थोडी कमी झाली, पण महोत्सवाचा दणका तसाच राहिला.

विद्यापीठाबाहेरच्या स्पर्धांत पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचा पुरुषोत्तम करंडक सर्वांत मानाचा. 1963 पासून चालणारी ही स्पर्धा पुढे औरंगाबाद केंद्रावरही होऊ लागली. लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांत विद्यार्थ्यांना वाव देणे, हा तिचा आग्रह. 2014 पासून 'लोकसत्ता लोकांकिका' स्पर्धेलाही इथे केंद्र मिळाले. मुलींचा सहभाग या काळात वाढला. पूर्वी तालीम सातला संपवा, नाहीतर मुलगी मिळणार नाही, असे दिग्दर्शकाला बजावले जाई. वसतिगृहाची वेळ आणि घरची परवानगी यांचा हिशेब करून स्त्रीपात्रांचे प्रसंग आधी बसवले जात. ही अडचण संपलेली नाही, पण आता मुली एकांकिका लिहितात, बसवतात आणि प्रकाशयोजनाही करतात.

जागेचा प्रश्न मात्र जुनाच आहे. महापालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर, सिडकोतले संत तुकाराम नाट्यगृह, निराला बाजारातले तापडिया नाट्यमंदिर ही शहराची नाट्यगृहे. संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद होते, तेव्हा नाटकवाल्यांची फार ओढाताण झाली. भाडे भरण्याइतके पैसे कॉलेजच्या संघाकडे नसतात, म्हणून तालीम वर्गात, जिन्यात, पार्किंगमध्ये होते, आणि स्पर्धेच्या दिवशी मुले प्रथमच खऱ्या रंगमंचावर पाऊल टाकतात. मग पहिली पाच मिनिटे आवाज कुठे टाकायचा हेच समजण्यात जातात. परीक्षक हे ओळखून असतात.

शिक्षणसंस्थांच्या छत्राबाहेरचा एक वेगळा मार्ग शेजारच्या जालना जिल्ह्यात दिसला. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, संभाजी भगत यांच्या संकल्पनेतले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' 2012 मध्ये आले. त्यातले बरेच कलाकार जालन्याच्या खेड्यांतले, शेती करणारे. त्यांनी आधी मुंबई गाठून मग नाटक केले नाही. नाटक गावात उभे केले आणि मग ते मुंबईला नेले. बोली मराठवाड्याची, बाज लोकनाट्याचा, वाद इतिहासाचा, आणि प्रयोग राज्यभर. संभाजीनगरच्या कॉलेजांत यानंतर ग्रामीण बोलीतल्या एकांकिकांची लाट आली. तिच्यात नक्कल पुष्कळ होती, शिव्यांचा वापर गरजेपेक्षा जास्त होता. तरी बीड किंवा वैजापूरकडून आलेल्या मुलाला रंगमंचावर पुणेरी बोलण्याची सक्ती राहिली नाही.

आता कॉलेजात नाटक करणाऱ्या मुलांपुढे मालिका, वेबसिरीज, लघुपट आणि रील यांचे पर्याय आहेत. विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, देवगिरी आणि सरस्वती भुवन इथली नाट्यशिक्षणाची सोय चालू आहे, आणि प्रवेश घेणारी बरीच मुले कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याच्या इच्छेने येतात. पहिल्या वर्षी त्यांना भरताचे नाट्यशास्त्र वाचावे लागते, झाडू मारावा लागतो आणि युवक महोत्सवासाठी भारूड बसवावे लागते. लोकांकिकेची विभागीय फेरी जिंकणारा संघ महाअंतिम फेरीसाठी मुंबईला जातो. मनमाडला गाडी मात्र आता बदलावी लागत नाही.